माए सोत: थायलंडच्या सीमेवरच्या गावात पहिल्यांदा जाताना

थायलंडच्या पश्चिम कडेला, ताक प्रांतात, मोएई नदीच्या अलीकडे माए सोत वसले आहे. पलीकडच्या काठावर म्यानमारचे म्यावड्डी. बँकॉकपासून रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. इथे समुद्र नाही, रात्रीची झगमग नाही. लोक येतात ते बर्मी बाजार आणि जेवणासाठी, उम्फांगच्या धबधब्यांसाठी, निर्वासितांमध्ये काम करणाऱ्या संस्थांच्या कामासाठी, किंवा सीमेच्या कडेकडेने माए सारियांगकडे जाणारा रस्ता करायला.

गाव फिरायला सोपे आहे. गोंधळ होतो तो जुन्या माहितीमुळे. सकाळी पूल ओलांडून म्यावड्डी पाहा, दुपारी परत या, शिवाय पासपोर्टवर नवा शिक्काही मिळेल, असे सांगणारी वर्णने अजून सर्वत्र सापडतात. ती सगळी कोविडच्या आधीची आहेत. त्यानंतर २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये खुद्द म्यावड्डीसाठी लढाई झाली. तेव्हा बेत आखताना एक गोष्ट धरून चाला: माए सोत हे तुमच्यासाठी रस्त्याचे शेवटचे टोक आहे, पलीकडे जायचे दार नव्हे.

१. निघण्यापूर्वी जमवायचे कागद

- पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला
- परतीचे तिकीट आणि माए सोतच्या हॉटेलचे बुकिंग, दोन्ही छापील
- थायलंडचे डिजिटल आगमन कार्ड भरल्याची पावती
- प्रवास विमा
- स्कूटर चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि मूळ भारतीय लायसन्स, दोन्ही
- पासपोर्टच्या पहिल्या पानाच्या आणि प्रवेशाच्या शिक्क्याच्या दोन-दोन झेरॉक्स

आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचे आहे. विमानाने या नाहीतर जमिनीवरून, ते भरावेच लागते. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ते भरायचे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. नेटवर शोधले की पैसे मागणाऱ्या नकली साइटच आधी वर येतात. कार्डाचे शुल्क मागितले की ती साइट बंद करा.

भारतीय पासपोर्टवरच्या पर्यटकांना जुलै २०२४ मध्ये व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सूट लागू झाली. ही सूट सरकारी निर्णयाने कमी-जास्त होत असते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाचे पान वाचा आणि बँकॉकला उतरल्यावर शिक्क्यातली तारीख स्वतः पाहा. मुदत मोजायची ती त्या तारखेवरून. तारीख उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. मुक्काम वाढवायचा असेल तर इमिग्रेशन कार्यालयात अर्ज करायचा, त्याचे शुल्क १,९०० बाट. पूल ओलांडून नवा शिक्का आणायची युक्ती माए सोतमध्ये चालत नाही.

२. पोहोचायचे कसे

विमान: माए सोतला छोटा विमानतळ आहे, तोही गावाला लागूनच. विमाने सुटतात ती बँकॉकच्या डॉन मुआंग विमानतळावरून. मुंबईहून येणारी बहुतेक विमाने मात्र सुवर्णभूमीवर उतरतात. हे दोन विमानतळ शहराच्या दोन वेगळ्या बाजूंना आहेत. त्याच दिवशीचे पुढचे तिकीट दाखवले की दोघांमधली बस फुकट मिळते, पण रहदारीत ती किती वेळ खाईल याचा नेम नाही. दोन विमानांमध्ये पाच तासांहून कमी अंतर ठेवू नका. तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील तर चुकलेल्या विमानाचे पैसे कोणीच देत नाही.

बस: बँकॉकच्या मो चित स्थानकावरून दिवसाही आणि रात्रीही बस आहेत. आठ तासांच्या आसपास लागतात. बसच्या दर्जाप्रमाणे तिकीट साधारण ४०० ते ७०० बाट. २४ आसनांची महागडी बस घेतली तर पाय लांब करून झोपता येते आणि या प्रवासात ते पैसे वसूल होतात. एसी भयंकर थंड असतो. दिलेली चादर पुरत नाही, शाल हाताशी ठेवा. रात्रीची बस पहाटे पोहोचते. हॉटेलची खोली दुपारी मिळते, तेव्हा सामान ठेवून घेतील का हे आधीच विचारा.

चियांग माईहून थेट बस आहे, सुमारे सहा तास. सुखोथाई किंवा फित्सानुलोककडून येत असाल तर ताक शहरात उतरून मिनीव्हॅन पकडा. ताक ते माए सोत हे ८६ किलोमीटर डोंगरातून जातात. रस्ता रुंद आणि चांगला आहे, वळणे मात्र भरपूर. गाडी लागत असेल तर गोळी ताकला बसण्याआधी घ्या. घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही.

१३ ते १५ एप्रिल हे थाई नववर्षाचे, सोंगक्रानचे दिवस. त्या आठवड्यात अख्खा देश गावी निघालेला असतो आणि बसची तिकिटे आधीच संपलेली असतात. तसेही एप्रिल हा उकाड्याचा आणि शेते-जंगले जाळल्याच्या धुराचा महिना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात बरा.

३. चौक्या: पासपोर्ट खिशात, सामानात नाही

माए सोतहून ताककडे जाणाऱ्या रस्त्यावर कायमच्या चौक्या आहेत. सर्वात ओळखीची हुआय हिन फोनची. म्यानमारमधून कागदपत्रांशिवाय आत आलेल्या माणसांना देशात पुढे जाऊ न देणे हे त्यांचे काम. त्यामुळे येताना फारसे कोणी विचारत नसे, जाताना मात्र प्रत्येक बस थांबते. शिपाई आत चढतो, थाई लोकांची ओळखपत्रे पाहतो, परदेशी माणसाचा पासपोर्ट मागतो, शिक्क्याचे पान उघडतो. दोन मिनिटांत काम संपते, जर पासपोर्ट हातात असेल तर. तो बसच्या पोटात ठेवलेल्या बॅगेत असेल तर तुम्ही खाली, तुमची बॅग खाली आणि चाळीस प्रवासी तुमच्याकडे बघत बसलेले. झेरॉक्सवर भागत नाही.

अलीकडे येतानाही विचारपूस होते. म्यावड्डीच्या आसपासच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्या जाणाऱ्या परदेशी माणसांना वाटेतच अडवायचे म्हणून विमानतळावर आणि बसमध्ये प्रश्न विचारले जातात. कशासाठी आलात, कुठे उतरणार, परत कधी जाणार. एकटा तरुण भारतीय पुरुष असेल तर हे प्रश्न हमखास. चिडू नका. छापील बुकिंग आणि परतीचे तिकीट पुढे करा. हे प्रश्न तुमच्यावर संशय म्हणून जितके असतात, तितकेच तुम्ही फसवले गेला आहात का हे पाहण्यासाठीही असतात.

चौकीचे, जवानांचे, त्यांच्या गाड्यांचे फोटो काढू नका. ड्रोन घरीच ठेवा.

४. गावाचा नकाशा डोक्यात बसवा

दोन रस्ते लक्षात ठेवले की गाव समजले. इंथाराखिरी आणि प्रासात विथी. दोन्ही पूर्व-पश्चिम, एकमेकांना समांतर, आणि गावाच्या मधल्या भागात एकेरी. पोलीस ठाणे, सोनेरी कळसाचे वाट चुंफोन खिरी हे मंदिर आणि बरीचशी स्वस्त अतिथिगृहे इंथाराखिरीवर किंवा त्याच्या आसपास. जेड-माणकांची दुकाने आणि सकाळचा बाजार प्रासात विथीच्या बाजूला. या दोघांमधल्या गल्ल्या पायी दहा मिनिटांत पार होतात.

मोठा हमरस्ता, म्हणजे आशियाई महामार्ग क्रमांक १, गावाच्या कडेने जातो. बसस्थानक आणि विमानतळ त्या रस्त्याला. बसस्थानक मध्य गावापासून दीड-दोन किलोमीटर आहे. सामान हलके असेल तर पायी जाण्यासारखे, पण दुपारच्या उन्हात नको. हाच महामार्ग पश्चिमेला पाच-सहा किलोमीटरवर नदीशी पोहोचतो. तिथल्या वस्तीला आणि बाजाराला रिम मोएई म्हणतात.

हॉटेल निवडताना नदीकाठची जागा घेऊ नका, कितीही स्वस्त आणि देखणी असली तरी. मध्य गावात राहा. रात्री जेवून पायी परतता येते, ही सोय इथे मोठी आहे, कारण अंधार पडला की वाहने विरळ होतात. कोणा ओळखीच्या घरी उतरणार असाल तर यजमानाने २४ तासांत तुमची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते. हॉटेलवाले ती आपोआप करतात, घरमालक विसरतात, आणि पुढे मुदतवाढीच्या अर्जाच्या वेळी ते आडवे येते.

५. सोंगथाव, मोटारसायकल टॅक्सी आणि बाकीचे

सोंगथाव म्हणजे मागे समोरासमोर दोन बाक टाकलेली, वरून छत असलेली पिकअप गाडी. आपल्याकडचे वडाप ज्यांनी पाहिले आहे त्यांना समजावायला नको. भरली की सुटते, वाटेत कुठेही थांबते.

१. गाडीच्या पाटीवर विसंबू नका, ती बहुधा थाई लिपीत असते. चालकापाशी जाऊन फक्त ठिकाणाचे नाव घ्या: "रिम मोएई?" तो मान हलवील किंवा दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवील.
२. भाडे चढण्यापूर्वी विचारा. गावातून रिम मोएईला माणशी २० बाटच्या आसपास. "सगळी गाडी तुमचीच" असे कोणी म्हणाले तर तो दर वेगळा, कित्येक पटींनी जास्त.
३. उतरायचे असेल तेव्हा छतातली बेल दाबा. बेल नसेल तर नाण्याने दांडीवर टकटक करा.
४. पैसे उतरल्यावर चालकाला द्यायचे. सुट्टे २० आणि १०० च्या नोटा ठेवा. हजाराची नोट पुढे केली तर चालक बिचारा आजूबाजूच्या दुकानांत सुट्टे शोधत फिरतो.
५. रिम मोएईहून परतीची गाडी संध्याकाळी सहानंतर मिळेलच असे नाही. साडेपाचला निघा.

लांबच्या सोंगथावही इथूनच सुटतात: उत्तरेला माए सारियांगकडे, दक्षिणेला उम्फांगकडे. दोन्ही सकाळच्या गाड्या. दुपारनंतर निघायचे म्हणाल तर दिवस वाया जाईल. आदल्या संध्याकाळी थांब्यावर जाऊन पहिली गाडी किती वाजता ते विचारून ठेवा.

गावातल्या गावात रंगीत जाकीट घातलेले मोटारसायकल टॅक्सीवाले आणि काही तीनचाकी आहेत. बँकॉकसारखे मोबाइलवर बोट ठेवले की गाडी दारात येईल, अशा भरवशावर राहू नका. पहाटेची बस किंवा विमान असेल तर आदल्या रात्री हॉटेलच्या काउंटरवर गाडी सांगून ठेवा. मध्य गावासाठी मात्र सायकलीला तोड नाही. अतिथिगृहे ती दिवसाच्या भाड्याने देतात, जमीन सपाट आहे, अंतरे लहान आहेत.

६. स्कूटर भाड्याने घेताना

भाडे दिवसाला साधारण २०० ते ३०० बाट. वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणजे आपल्या सवयीचेच. पण पुढचे पाहून मगच किल्ली घ्या.

परवाना: आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून निघतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्षाची. भारतीय लायसन्सवर दुचाकीचा वर्ग असेल तरच त्यावर दुचाकीची नोंद येते. फक्त चारचाकीचे लायसन्स असणाऱ्यांचा इथेच घोटाळा होतो. भाड्याने देणारा काही विचारत नाही, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी मात्र पहिला प्रश्न हाच विचारते. परवाना नसेल तर विमा असून नसल्यासारखा.

अनामत: पासपोर्ट ठेवून घेतो म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. इतर ठिकाणी ही केवळ बेफिकिरी ठरेल, माए सोतमध्ये तो थेट अडथळा आहे, कारण गावाबाहेर कुठल्याही दिशेने निघालात तरी चौकी लागू शकते. रोख अनामत आणि पासपोर्टची झेरॉक्स द्या. बहुतेक जण मान्य करतात.

हेल्मेट: चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही. जून २०२५ पासून दंडाची कमाल रक्कम २,००० बाट आहे. दुकानातले हेल्मेट सैल असते. पट्टा लागतो का ते घालून पाहा.

गाडी: आरशांवरचे, बाजूचे, एक्झॉस्टवरचे सगळे ओरखडे फोटोत घ्या, मालकासमोरच. दोन्ही ब्रेक, हॉर्न, मागचा दिवा आणि टायरची नक्षी तपासा. टाकी बहुधा रिकामीच मिळते. पंपावर ९१ किंवा ९५ चे गॅसोहोल (इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) सांगा.

७. नदी, पूल आणि रिम मोएईचा बाजार

पहिला मैत्री पूल १९९७ मध्ये झाला, दुसरा मालवाहतुकीसाठी २०१९ मध्ये. पहिल्या पुलाच्या पायथ्याशी रिम मोएईचा बाजार आहे. सुकी मासळी, काजू, बांबूच्या वस्तू, सागवानी फर्निचर, थनाखाची खोडे (बर्मी बायका गालांना लावतात तो पिवळसर लेप याच खोडापासून उगाळतात), जेडचे कडे, माणके. बघायला मजा आहे. खरेदीचे म्हणाल तर जेड आणि माणिक पारखता येत नसेल तर शोभेच्या किमतीला घ्या, गुंतवणूक म्हणून नको. रंगवलेला दगड आणि काच सर्रास खपते. नदीकाठी कुंपणापलीकडून स्वस्त सिगारेट आणि दारू दाखवली जाते. ती कर चुकवून आलेली असते, पकडली गेली तर दंड तुम्हाला. ई-सिगारेट तर थायलंडमध्ये बेकायदाच आहे, स्वतःचीही आणू नका.

पूल लांबून पाहावा. त्यावरून स्थानिकांची ये-जा चालू-बंद होत राहते, ते पाहून आपल्यालाही सोडतील असे समजू नका. "नावेने पाच मिनिटांत पलीकडे नेऊन आणतो" असे कोणी म्हणाले तर सरळ पाठ फिरवा. तसे जाणे म्हणजे दोन देशांचा कायदा मोडणे, आणि पलीकडे तुमच्या मदतीला धावेल अशी कुठलीच यंत्रणा नाही. पलीकडे गोळीबार सुरू झाला तर कधी गोळ्या आणि तोफगोळे अलीकडेही येऊन पडलेले आहेत. आवाज ऐकू आले की काठावर उभे राहून चित्रण करू नका, गावात परत या. हॉटेलवाल्याला विचारा, त्याला कुठला भाग टाळायचा ते ठाऊक असते.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. मणिपूरमधल्या मोरेपासून म्यानमारमधून माए सोतला येणारा सुमारे १,३६० किलोमीटरचा त्रिराष्ट्रीय महामार्ग कागदावर आहे आणि काही वर्षांपूर्वी लोकांनी तो केलाही आहे. त्या वर्णनांवर विसंबून आता बेत आखू नका. म्यानमारमधल्या लढाईने तो मार्ग तुटलेला आहे.

आणि नोकरीबद्दल, कारण हे वाचणाऱ्यांत ते कामाचे ठरेल असे कोणीतरी असेलच. बँकॉकमध्ये डेटा एन्ट्री किंवा डिजिटल मार्केटिंगची नोकरी, पगार घसघशीत, मुलाखत फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर, तिकीट कंपनीचे, व्हिसा "तिथे गेल्यावर बघू". विमानतळावर गाडी येते आणि बँकॉकमध्ये न थांबता सात-आठ तास धावत राहते. ती ज्या गावाकडे धावते ते बहुतेक वेळा माए सोत असते, आणि तिथून नदी पार, ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर. मार्च २०२५ मध्ये अशा अड्ड्यांवरून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी माए सोतहूनच परत आणले. नोकरी बँकॉकची आणि गाडी ताककडे चालली आहे असे दिसले तर पहिल्या पेट्रोलपंपावर उतरा, गर्दीत थांबा आणि पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा. पर्यटक म्हणून आत येऊन नोकरी करणे मुळातच बेकायदा आहे, तेव्हा "आधी या, कागद नंतर" म्हणणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

८. घड्याळ, फोन, पैसे

थायलंड भारताच्या दीड तास पुढे, म्यानमार एक तास पुढे. म्हणजे नदीच्या दोन काठांवर अर्ध्या तासाचा फरक. रिम मोएईला गेलात की फोन म्यानमारचे नेटवर्क पकडू शकतो आणि घड्याळ गुपचूप अर्धा तास मागे जाते. तेवढ्यावर बस चुकते. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, बँकॉक असे हाताने निवडा. नेटवर्कही हाताने निवडून थाई कंपनीवर ठेवा, नाहीतर भारतीय सिमच्या रोमिंगचे बिल डोळे पांढरे करील. बर्मी दुकानदाराने "चार वाजता या" म्हटले तर थाई चार की बर्मी चार हे विचारून घ्या.

पैसे बँकॉकमध्येच बदलून घ्या. रुपये इथे कोणी घेईल या आशेवर येऊ नका. एटीएम गावात भरपूर आहेत, पण परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापले जाते, म्हणून थोडे थोडे न काढता एकदाच काढा. यंत्राने रुपयांत हिशेब करून देऊ का विचारले तर नको म्हणा आणि बाटमध्येच व्यवहार करा, तो दर तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो. दुकानोदुकानी दिसणारे क्यूआर थाई बँक खात्यांसाठी आहेत, आपल्याला रोखच बरी. म्यानमारच्या क्यात नोटा सुट्ट्या पैशांत स्वीकारू नका.

९. खायचे काय

माए सोतचे खरे सुख इथे आहे. मशिदीच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत बर्मी मुसलमानांची वस्ती आहे. सकाळी तव्यावरची रोटी, डाळ, समोसा आणि दाट गोड चहा. बँकॉकच्या जेवणाला कंटाळलेल्या मराठी जिभेला हे ओळखीचे वाटते. बर्मी दुकानांत आंबवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर, समोशाचे तुकडे करून केलेली चटपटीत कोशिंबीर आणि चण्याच्या पिठाचे पिवळे टोफू मागा. बर्मी थाळीत रस्सा तेलकट असतो, त्याबरोबर कच्च्या भाज्या आणि सूप येते.

शाकाहारी लोकांनी "भाजी" मागून थांबू नये. थाई भाजीत फिश सॉस, बर्मी कोशिंबिरीत सुक्या कोळंबीचा चुरा आणि आंबवलेल्या मासळीची पेस्ट असतेच, आणि करणाऱ्याच्या मते ती भाजीच असते. थाई दुकानात "किन जे" म्हणा. या पद्धतीच्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसतेच, शिवाय कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे जैन मंडळींना ते सोयीचे. पिवळ्या कागदावर लाल अक्षरे असलेली पाटी म्हणजे असे दुकान. साध्या दुकानात "माय साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका. बर्मी दुकानात शाकाहारासाठी "थेत-थत-लुत" म्हणा, शेवटचे त जवळजवळ गिळून. कोशिंबीर मागताना कोळंबीच्या बरणीकडे बोट दाखवून नको म्हणणे सर्वात खात्रीचे.

१०. गावाबाहेर एक-दोन दिवस

स्कूटरने अर्ध्या दिवसात होणारे: उत्तरेला १०५ क्रमांकाच्या रस्त्यावरून माए कासाचे गरम पाण्याचे झरे. दक्षिणेला १०९० क्रमांकाच्या रस्त्यावरून सुमारे ४० किलोमीटरवर फा चारोएन धबधबा. याचे पाणी ९७ टप्प्यांनी उतरते असे सांगतात. पाऊस संपता संपता जा, एप्रिलमध्ये पाणी रोडावते.

उम्फांग हा अर्ध्या दिवसाचा बेत नव्हे. १६४ किलोमीटर आणि १,२१९ वळणे, असा त्या रस्त्याचा लौकिक. सोंगथावने चार-पाच तास. मळमळ होणाऱ्यांनी पुढे चालकाशेजारी जागा मागा आणि रिकाम्या पोटी बसू नका. किमान दोन रात्री तिथे काढा. थी लो सू धबधब्याचा आतला रस्ता पावसाळ्यात गाड्यांना बंद होतो, तेव्हा जून ते ऑक्टोबरमध्ये केवळ त्यासाठी जाऊ नका. स्कूटरने हा घाट करायचा तर चढ-उताराची सवय असेल तरच, आणि अंधार पडायच्या आत. पावसात दरडी कोसळतात.

१०५ वर उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर रस्त्याच्या कडेने, डोंगराच्या पायथ्याशी बांबूच्या घरांची लांबच लांब रांग दिसते. ती माए ला निर्वासित छावणी. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. कुंपणाशी थांबून फोटो काढू नका. गाडी न थांबवता पुढे जा.

११. ताप आला तर

सीमेवरच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आणि गावात डेंगू, दोन्ही आहेत. या भागातला मलेरिया औषधांना दाद न देण्यासाठी जगभर ओळखला जातो, त्यावर संशोधन करणारे केंद्रही इथेच आहे. म्हणून पूर्ण बाह्या, डास पळवणारे मलम, आणि उम्फांगकडे मुक्काम असेल तर मच्छरदाणी. ताप चढला की पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट बघू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा, डेंगू असेल तर रक्तस्राव वाढतो. भारतात परतल्यावर महिन्याभरात ताप आला तरी डॉक्टरांना "थायलंड-म्यानमार सीमेवर होतो" हे सांगा.

गावात सरकारी रुग्णालय आहे आणि खासगीही. डॉ. सिंथिया माउंग यांनी १९८९ मध्ये सुरू केलेले माए ताओ क्लिनिक नावाजलेले आहे, पण ते म्यानमारमधून आलेल्या गरजूंसाठी आहे. पर्यटकांनी तिथे रांग वाढवू नये. रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१, पर्यटक पोलीस ११५५.

१२. परत निघताना

बसचे तिकीट आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन काढा, शुक्रवार-रविवारच्या रात्रीच्या बससाठी दोन दिवस आधी. तिकिटावरची वेळ थाई आहे हे पुन्हा एकदा पाहा. पासपोर्ट वरच्या खिशात, शाल हातात. चौकीवर दिवे लावून तपासणी होते, तेव्हा झोपलात तरी उठवतील. बँकॉकहून त्याच दिवशीचे आंतरराष्ट्रीय विमान असेल तर रात्रीच्या बसवर अवलंबून राहू नका. चौकीवर एखाद्या प्रवाशाचे कागद अडले की सगळी बस थांबते, आणि पहाटेच्या बँकॉकमध्ये मो चितपासून सुवर्णभूमी गाठायला तास-दीड तास वेगळा लागतो. एक रात्र बँकॉकला काढा.